याआधी दिलंय का?

आमच्याकडे गाईंना वेड लागलं, त्या वर्षांत
मी स्वान्सीच्या एका शाळेत खिमा वाढायचे.
मोठा डाव. एका पोराला एक,
हट्टी पोराला दीड.
उरलेला आम्ही बायका
उभ्याउभ्याच खायचो, पातेल्यातून.
चव चांगली होती. खोटं कशाला बोला.

मग मरे भेटला आणि मी पृथ्वीच्या या टोकाला आले,
होबार्टला. इथे भर उन्हाळ्यातही
डोंगरावर कधी बर्फ पडतं,
रात्री कचऱ्याच्या डब्यापाशी पोसम भांडतात.
मरे दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचा,
दाढी करावी इतक्या सहज.
मला सुईची भीती. नऊ वर्षं भीती.
दहाव्या वर्षी धीर आला,
आणि त्याच डिसेंबरात नियम आला.

त्या काळात सहा महिने तिथे राहिलात का?
राहिले? अहो, मी तर वाढत होते.
समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, हलकेच,
झोपलेल्या मुलाशेजारी ठेवावं तसं.
"तुम्हाला काही झालेलं नसणार," म्हणाल्या,
"बहुधा."

त्या 'बहुधा'त मी बावीस वर्षं राहिले.

मरे आत, मी खिडकीतल्या खुर्चीत,
मांडीवर लोकर, त्याच्या वाटणीची बिस्किटं माझ्या तोंडात.
परतताना तो हाताला पट्टी मिरवायचा,
मी गाडी चालवायचे.
पण किल्ली हरवली की वाटे, सुरू झालं.
एकदा चाळणीचं नाव आठवेना.
सिंकपाशी तशीच उभी राहिले,
नळ चालू, हातात ती भोकाभोकांची वस्तू,
आणि डोळ्यांपुढे रांग:
कॅरिस, डिलिस, जाड भिंगांचा इवान,
जो ताट मागे घ्यायचाच नाही.
त्यांचं पुढे काय झालं?
मी विचारलं नाही कुणाला.
कळलं असतं म्हणून नाही विचारलं.

मरेच्या मज्जेनं संप केला त्या हिवाळ्यात
पिशव्या उलट्या दिशेनं यायला लागल्या.
तेवीस. मी मोजल्या, दुसरं काय करणार.
कुणा सुताराच्या, कुणा मास्तरणीच्या, कुणा गुन्हेगाराच्याही असतील.
माझी एकही असू शकत नव्हती.
तसंही नवराबायकोत कुठे असतं
रक्ताचं नातं?
तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत
एवढं एकच वाक्य मला सुचत राहिलं,
आणि मी ते त्याला ऐकवलं नाही.

नियम उठला तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती.
रेडिओवर सफरचंदांच्या भावाआधी सांगितलं.
मी बाही सैल असलेला ब्लाऊज शोधला.

नर्स देचेन, भूतानची, नखं अगदी बारीक कापलेली.
"याआधी दिलंय का?"
नाही. बसलेय मात्र पुष्कळदा.
तिला कळलं नाही, आणि तिनं दंडाला पट्टा बांधला.
सुई? मुंगी म्हणतात तशी नसते.
गांधीलमाशी असते, पण एकच.
मग नळी कोमट होऊन मनगटावर पडून राहते
आणि पिशवी यंत्रावर डुलते, डावीकडे, उजवीकडे.
किती गडद!
मला वाटलं होतं, वय झाल्यावर
रंगही उतरला असेल.

नंतर त्यांनी बशीत छोटे पॅटिस आणून ठेवले.
फोडून पाहिलं. आत खिमा.
मला हसू आलं ते आवरेना,
देचेन धावत आली, चक्कर येतेय का म्हणून.
मी दोन खाल्ले.

तीन आठवड्यांनी, पातेलं घासत असताना फोन वाजला.
ओल्या बोटानं उघडलं:
तुमचं रक्त बर्नीच्या रुग्णालयात पोचलं.
बर्नीत मी कुणालाच ओळखत नाही.
समुद्र आहे तिथे, बंद पडलेली कागदगिरणी आहे,
एकदा मरेबरोबर पेंग्विन बघायला थांबलो होतो,
ते आलेच नाहीत.

कुणीही असो.
हट्टी असावं फक्त.
ताट मागे न घेणारं.