पाच शेरांचं कूपन

सकाळी सहाला सासूबाई गादी उलटी करतात.
"कूपनं कुठायत?"
मग माझ्याकडं बघून, हळू,
भिंतीपलीकडच्या लुआनबाईंना ऐकू जाईल इतपतच हळू:
"चोर."

रेशनची कूपनं बंद होऊन तीस वर्षं झाली, आई.
पहिल्या हिवाळ्यात मी हे रोज सांगायचे,
सरकारी परिपत्रकासारखं, मुद्देसूद.
त्यांनी गरम पाण्याचा फ्लास्क फेकून मारला.
शेन्झेनहून नणंद फोनवर म्हणाली,
"शांतपणे समजावून सांग ना, वहिनी."
तिच्या पाठीमागं खिडकीत समुद्र होता.

आमच्या खिडकीवर हार्बिनचा बर्फ, आतल्या बाजूनंसुद्धा.
सहावा मजला, लिफ्ट नाही.
गॅसची बटणं काढून मी तांदळाच्या डब्यात पुरते.
त्यांच्या कोटाच्या अस्तरात माझा नंबर शिवलाय, लाल दोऱ्यानं.
उशीच्या अभ्र्यात वाफवलेले पाव सापडतात, दगड झालेले,
कधी सात, कधी अकरा.
आणि बाल्कनीत हिवाळ्याचा कोबी रचलाय,
त्याच्यासमोर उभं राहून मी जे बोलते
ते दोंगशेंगला, म्हणजे नवऱ्याला, माहीत नाही.
तो ट्रक घेऊन सीमेवर असतो.
कोबी ऐकून घेतो. एकेक पान मिटून.

शाळेत आम्ही एक अक्षर गिरवायचो, आईबापांच्या सेवेचं:
वर म्हातारं माणूस, खाली लेकरू.
शंभरदा गिरवलं.
खालच्यानं लघवीला कधी जायचं
ते बाईंनी सांगितलं नाही.

अंघोळीला त्या चावायच्या. मनगटावर खूण आहे.
एकदा वैतागून मी कॅलेंडरचा चतकोर फाडला,
वर लिहिलं: शनिवार, कारखान्याचं न्हाणीघर, एक व्यक्ती.
त्यांनी तिकीट नीट वाचलं, उलटून शिक्का बघितला.
मी शिक्का मारला, बटाट्याचा.
मग स्वतःच ब्लाउजची बटणं सोडली
आणि म्हणाल्या, "पाणी संपायच्या आत चला."

तेव्हा कळलं. या बाईनं बावीस वर्षं
धान्याच्या दुकानात कूपनं मोजली.
एक कमी भरलं तर पगारातून.
मी सत्य घेऊन भांडत होते,
त्या हिशेब घेऊन.

जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याकडं खरी कूपनं मिळाली,
पाच शेरांची, कणीस छापलेली, वीस.
आता रोज रात्री मी ती कुठंतरी ठेवते,
रोज सकाळी चोर ठरते,
मग दोघी मिळून शोधतो, खाटेखाली, बुटात,
आणि सापडली की त्या असं हसतात
जसं मला लग्नातही कुणी हसून घेतलं नव्हतं.
डॉक्टर याला काय म्हणतील, मी विचारलेलं नाही.
सगळ्याच सकाळी जमत नाही.
परवा मी त्यांचा हात जोरात धरला. जोरात.
मग कोबीपाशी गेले.

काल रात्री दोन वाजता त्या माझ्या उशाशी.
"ए पोरी, रांगेत तुझा नंबर लागला नाही ना?
किती वाळलीस. हे घे."
मुठीत एक कूपन, घामानं मऊ.
"माझ्या सुनेला सांगू नको. ती चोर आहे."
"नाही सांगत," मी म्हटलं.
"पण तिला बोलू नका फार. दमते ती."
त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, अनवाणी.
पाइपात हीटरचं पाणी गुरगुरत होतं.
"दमते खरी," म्हणाल्या.

आज सकाळी गादी उलटी.
मोजली. एकोणीस.
पुन्हा मोजली, थुंकी लावून, दुकानातल्यासारखी.
"एक कमी आहे. चोर!"

खरंच होतं. माझ्या बाहीत होतं.
द्यायला हवं होतं, माहीत आहे.
मी खाली वाकून, खाटेखाली तोंड घालून,
किती तरी वेळ शोधत राहिले.