उणे एकशेवीस

ब्राउझर सांगतो: उणे एकशेवीस.
पूर्वेकडची माणसं त्याच्या हिशेबी उणीच.
म्हणजे तोर्निओ, फिनलंड. ठीक.
पाच मिनिटांनी तीच बाई: उणे साठ.

लॉग चाळतो मी, कॉफी निवते.
हललेलीसुद्धा नाही ती.
गोठल्या नदीपलीकडचा स्वीडनचा टॉवर
फोनला मधूनच ओढून नेतो.

दाताच्या डॉक्टरची वेळ हवीय तिला, नऊची.
कुठले नऊ?

अंदाज बांधणं सोडलं शेवटी.
एक चौकट टाकली: तुमच्याकडे किती वाजले?

सिर्का कोइवुमा लिहिते:
भिंतीवर दहा. फोनात नऊ.
नवरा पलीकडच्या गिरणीत,
बटाटे मी त्याच्या घड्याळाने चढवते.

हे ठेवायला टेबलात रकाना नाही.
तूर्त ‘शेरा’खाली टाकलंय.