काहिलीला तोंड नसतं

हरिपूरच्या खालच्या अंगाला, वारणा येऊन कृष्णेला भिडते
तिथं आम्ही काहील सोडतो. पाच वाजलेले असतात.
बाबालाल आधी बसतो, मग मी, बरोब्बर त्याच्या समोर.
एकानं बूड हलवलं की दुसऱ्यानंही हलवायचं,
एकाला खोकला आला की दुसऱ्यानं कड धरायची.

काहिलीला नाळ नाही, सुकाणू नाही.
वल्हं मारलं तर ती जाते कमी, फिरते जास्त.
कधी सांगलीकडचे दिवे समोर येतात,
कधी वीटभट्टीचा धूर, कधी हळदीचं रान.
बाबालाल मात्र कायम समोरच,
त्याच्या पाठीमागं सगळा मुलूख फिरत राहतो.

ही काहील आमच्या आण्णांची.
म्हणजे मालकीची नव्हे, ते गुळवे होते तेवढंच.
बावीस हंगाम तिच्या काठाशी उभे राहिले,
बुडबुडे बघून सांगायचे:
मळी हाय अजून.
आता भेंडी टाका.
आता कुणी बोलू नका.
आणि कुणाला काही दिसायच्या आत,
"उतरवा!"

गुऱ्हाळ बंद पडलं, काहील किलोवर गेली.
भंगारवाल्याच्या गाड्यावरून बाबालालनं ती उतरवून घेतली,
पंक्चरच्या दुकानातली वर्षाची कमाई मोजून.
पहिल्या साली भर पाण्यातसुद्धा
तिला मुंग्या लागायच्या.
कुठून यायच्या देव जाणे.

मी तंगूस बोटाला गुंडाळून पाणी बघत बसतो.
बारके, एकामागं एक, सरकत जाणारे बुडबुडे:
चिखलात नाक खुपसून चाललेली वाम.
एकच मोठा, आळशी: कुजलेला पाला.
चार-पाच, जरा थांबून परत चार-पाच:
कासव. गळ वर घे.
हे मला कुणी शिकवलं नाही.
आण्णा तर माळकरी, माशाच्या वाटेलाही जायचे नाहीत.

काल वरनं पाणी सोडलंय, कोयनेचं असणार, गार आहे.
दोन्ही नद्या अजून वेगवेगळ्या वाहतायत,
एक चहासारखी, एक बाटलीच्या काचेसारखी.
मधली रेघ आमच्या बुडाखालून जाते.
बाबालाल म्हणतो, शिवडा ह्या रेघेवरच फिरतो,
दोन्हीकडचं खातो, तलाठ्यागत.

साडेसहाला ओढ लागली.
झटका नव्हे. कुणीतरी आतून
दार हळूच ओढून घ्यावं तशी.
मग तंगूस कातड्यात रुतलं, काहील गर्रकन फिरली,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
तिला पुढची बाजू मिळाली.
मासा जिकडं, तिकडं तोंड.
गढुळातनं निवळात, निवळातनं गढुळात.
"सोड जरा." "सोडलंय." "आरं धर की!"
मी जेवढा ओणवा झालो
तेवढाच बाबालाल मागं रेलला, इंचाला इंच.

आणि बुडबुडे आले.
पसरट, दमलेले, कडेकडून मधे सरकणारे.
मला काही कळायच्या आत तोंडातून गेलं,
"उतरवा!"

खरं तर म्हणायला हवं होतं, चढवा.
बाबालालनं विचारलं नाही.
कोपरापर्यंत हात बुडवून, कल्ल्यात बोटं घालून
त्यानं शिवडा आत टाकला.
आठ किलो तरी. शेपटीनं पत्रा बडवायला लागला,
घणघण, घणघण,
जिथं रस उकळायचा नेमका तिथं.
घाटावर धुणं धुणाऱ्या एका बाईनं
वळून देवळाकडं हात जोडले.

आम्ही दोघंही काही बोललो नाही.
बाबालालच्या बोटातून रक्त येत होतं, त्यानं ते तोंडात घातलं.
डोकं कुणाला, शेपूट कुणाला, ते काठावर गेल्यावर बघू.
मासा हळूहळू गप झाला
आणि काहील परत
गोल फिरायला लागली.