पावणेनऊची फेरीबोट

मी दोरखंडवाला. बोट धक्क्याला लागली
की फळी टाकायची, साखळी काढायची,
माणसं संपली की परत लावायची.
तेव्हा जे सांगेन ते साखळीच्या अलीकडचं.

ती चोडणहून येऊन रायबंदरला उतरायची,
इस्पितळात रक्त तपासायला.
तो रायबंदरला चढायचा,
चोडणचे विजेचे मीटर वाचायला.
भेट म्हणायची तर फळीवर,
एक उतरताना, एक चढताना,
खारफुटीच्या वासात, चाळीस-पन्नास सेकंद.

बाकीचं आम्ही जमवलं.
कोसेसांव म्हणते, पहिल्यांदा तोच हसला,
पाटीतल्या तारल्यांची शपथ.
छे, ती हसली, म्हणतात मयेकर मास्तर.
ते गाडी उलटी घेत बोटीवर चढवतात,
म्हणून त्यांचं सगळं प्रकरण आरशातलं,
डावीकडचं उजवीकडे.
वर केबिनमधल्या सारंगाला नुसती डोकी दिसतात.
तो म्हणतो, कसलं काय,
दोन भांग आहेत. एक सरळ, एक वाकडा.

नावं ठाऊक होती आम्हाला. उल्का. सगुण.
पण कोणी घेत नसे.
नाव घेतलं की माणूस होतो,
आणि माणसाला मग विचारावं लागतं.

नोव्हेंबरात तो अकरा दिवस आला नाही.
काणकोणला बदली, कावीळ, साखरपुडा,
एका फेरीत तीन शेवट लिहून झाले.
ती गर्दीला वाट देत मागे राहायची,
सगळ्यांत शेवटी उतरायची
आणि रिकाम्या फळीवर
चपला जरा जोरात वाजवायची.
हे पान फक्त माझ्याकडे आहे.
कोसेसांवने दोनदा मागितलं. दिलं नाही.

मग एका रविवारी
दोघं एकाच बाजूने चढली.
मधे खोक्यातला टेबलफॅन,
सुतळीने बांधलेला, गाठी कच्च्या.
आमच्याकडे पाठ करून बाकावर बसली.
वर्षभर बोलणारी बोट
मांडवी ओलांडेपर्यंत गप्प.
कोसेसांवने मासळीवरचा ओला फडका उगाचच
दोनदा सारखा केला.

चोडणला उतरताना ती थांबली.
'साखळी मुद्दाम उशिरा लावायचात ना?'
'गंजली होती,' मी म्हटलं.
वरून सारंग ओरडला, इतका वेळ काय रे?

हाताला काही काम हवं म्हणून
खोक्याचं एक टोक धरायला गेलो.
दोन्ही टोकं धरलेली होती.