अम्ब्रोलाउरी, चौथीचा वर्ग

शेगडीकडे पाठ करून मी शिकवते
'द' कुठे लावायचा, कुठे नाही.
तो त्यांच्या भाषेत नाही. माझ्याही.
एतेरीबाई लाकूड सारत म्हणतात,
नाही तेच शिकवायला तर बोलावलंय तुला.

नुत्साच्या नावातला 'च' मला पहिल्याच दिवशी जमला,
चमचा म्हणताना येतो तो, चिमणीतला नव्हे.
टाळ्या पडल्या. मी जरा फुशारले.

मग तोर्निकेने लिहिलं :
'माय मामा कुक सूप एव्हरी डे.'
मी लाल पेनाने मामाची मदर केली.

इथे बापाला मामा म्हणतात
हे मला नोव्हेंबरात कळलं.
आई म्हणजे देदा. ती इटलीत,
कुणाच्या तरी म्हातारीला न्हाऊ घालते,
रविवारी फोनवर दिसते.

लाल शाई खोडरबराने जात नाही,
कागद तेवढा पातळ होतो.

आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, मी म्हटलं.
तो बराच वेळ गप्प.
'त्याला येतं सूप?'
छे, साधा चहा येत नाही.

हे त्याला फार आवडलं.
मधल्या सुट्टीत शाळाभर सांगत सुटला,
इंग्रजीत,
'द'सकट.