बा

मिरज जंक्शनच्या बाकावरून उचलून आणलेला म्हातारा.
खिशात भिजलेलं तिकीट, गाव पुसलेलं.
रात्रभर तोंडात एवढंच: बा.

बापाला हाक मारतोय, मी म्हणालो;
आमच्या तासगावाकडं बा म्हणजे बापच.
हळदीचे व्यापारी जेठाभाई, हाताला सलाईन,
म्हणाले, ना रे, आईला. बा म्हणजे आई.
सतारींना जवारी लावणारे गौसचाचा कुशीवर वळले:
फारसीत बा म्हणजे सोबत.
बाइज्जत, बाकायदा, त्यातला.
कुणासोबत, ते काही त्यांना सांगता येईना.

साडेतीनला पुन्हा: बा.

जतची संगव्वा फरशी पुसत होती.
तिच्या कानडीत बा म्हणजे ये.
तिनं फडकं बादलीत टाकलं,
हात पदराला पुसले,
‘बंदे’ म्हणाली
आणि स्टूल ओढून बसली.