उताराचे पैसे

माझा भाऊ बाल्त्सर गवत कापतो
जिथे बकरीसुद्धा विचार करून पाय टाकते.
बुटांना खिळे, कमरेला दोर.
उतार जितका तीव्र तितके फ्रँक जास्त;
बर्नहून माणूस आला, कोन मोजून गेला.

त्याच डोंगरावर मी बस चालवते,
सत्तावीस वळणं, दिवसाला सहा खेपा.
माझ्या पगारपत्रकात कोनाचा रकाना नाही.

हे त्याला एकदा बोलले, कॉफी ओतताना.
तो हसला नाही. वही काढली.
तेवीस गायी, तो आणि मेंगिया,
रविवार धरून सगळे वार,
सरकारचे मिळवूनही तासाला पडतं
माझ्या निम्मं.
म्हणाला, "आणि अनुदान वाढणार हे
ट्रॅक्टर विकणाऱ्याला माझ्याआधी कळतं."
साखर मी दोनदा ढवळली.

आज बाराव्या वळणावर प्रवासी ओरडले,
थांबा, फोटो!
खाली कापलेलं कुरण,
नुकता कंगवा फिरवल्यासारखं,
आणि कडेला एक ठिपका.
वेळापत्रकात बसत नव्हतं, तरी थांबले.
हॉर्न दिला.

ठिपक्याने हात वर केला
की घाम पुसला,
एवढ्या अंतरावरून
कळलं नाही.